मनगटावरचा लसूण

लसूण बांधून किती वेळ ठेवायचा, असं कुणी मला विचारलं की मी ताडकन सांगते, बांधायचाच नाही. खा, तुपात परतून खा, डाळीला फोडणी द्या, पडशाला तिळाच्या तेलात कडकडवून ते तेल कोमट झालं की छातीला चोळा. पण कच्चा ठेचून अंगावर बांधू नका. समोरची बाई जरा दचकते. एवढ्याशा गोष्टीवर ही म्हातारी इतकी का चिडली, असं तिला वाटत असणार. वाटू दे. मी मुळातच उतावळी, आणि या एका विषयावर तर माझं डोकं जाग्यावर राहत नाही.

माझं माहेर हुबळीचं. वडिलांचं तिथल्या बाजारात भुसार मालाचं दुकान होतं, आणि आमच्या घरी चातुर्मास सोडला तर लसणाला बंदी नव्हती. लाल मिरची आणि लसूण कुटून केलेल्या चटणीवरून आम्ही भावंडं भाकरी खाताना भांडायचो. औषध म्हणूनही तो हाताशी असायचा. पोटात वारा धरला की तुपात परतलेली पाकळी, कान ठणकला की लसणाचं तेल, तान्ह्या बाळाला पडसं झालं की पाळण्याला पाकळ्यांची माळ. कानात तेल घालू नये असं हल्लीचे डॉक्टर सांगतात, आणि त्यांचं ऐकावं. दाढ दुखली तर लसूण मनगटावर बांधायचा. उजवी दाढ दुखली तर डाव्या मनगटावर, डावी दुखली तर उजव्या. असं का, ते कुणी सांगत नव्हतं. मनगट चुरचुरायला लागलं की दाढेकडचं लक्ष उडत असावं, एवढंच त्यातलं शास्त्र असेल असं मला आता वाटतं.

लग्न होऊन मी धारवाडला आले ती अगदी उलट्या घरात. केलगेरीच्या रस्त्याला कौलारू घर, मागं परसात पेरूची दोन झाडं. सासरे सरकारी शाळेत शिक्षक. माझे यजमान बेळगावला नोकरीला होते आणि शनिवारी घरी यायचे. सासूबाईंना घरातले सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. आणि एक नणंद, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, सोळाची.

अक्कांच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यांचं सोवळं कडक होतं आणि त्याचा गावात लौकिक होता. कुणाकडं श्राद्धपक्ष असला की अक्कांना मानानं बोलवून नेत, कारण त्यांच्या हातचं म्हटलं की भटजी डोळे मिटून जेवत. मला त्यांचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. हात धुतला का, पदर कुठं लागला, ओला हात कशाला पुसलास. दिवसभर माझ्या पाठीमागं त्यांचे डोळे असत.

तरीही माझ्या ट्रंकेत तळाशी एका फडक्यात लसणाचे चार गड्डे असायचे. माहेरी गेले की मी ते घेऊन यायची. धारवाडच्या झिमझिम पावसात माझा कान ठणकायचा, हे एक निमित्त. परसात उभं राहून एखादी पाकळी नुसतीच चघळावी असं वाटायचं, हे दुसरं आणि जास्त खरं. हे फक्त नणंदेला माहीत होतं. ती नाक दाबून हसायची, "वैनी, तुझ्या तोंडाला हुबळीचा बाजार सुटलाय" म्हणायची, आणि कुणाला सांगायची नाही. आमचं दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं. त्या घरात माझा जीव रमला तो तिच्यामुळं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. पितृपक्ष चालू होता आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. नणंदेची उजवी दाढ दोन दिवस दुखत होती, गाल सुजून टम्म झाला होता. लवंग ठेवून झाली, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, काही उतार पडेना. दाढ काढायची म्हटलं की ती रडायची. शिवाय तिच्या जिवाला आणखी एक घोर होता. बेळगावकडचं एक स्थळ आलं होतं आणि ती माणसं तुळशीच्या लग्नानंतर तिला बघायला यायची होती. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं. तो तिला आवडला होता, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. पुढचे दात किडलेले निघाले तर, सुजेनं तोंड वाकडंच राहिलं तर, असं काहीबाही ती बोलत राहायची.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी मला तिचं कण्हणं ऐकवेना. सगळी माणसं आंघोळीच्या गडबडीत होती. मी ट्रंक उघडली, पाच-सहा पाकळ्या सोलल्या, परसातल्या दगडावर ठेचल्या आणि तिच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून वरून चिंधी आवळून बांधली. दाताखाली धर म्हणायची छाती झाली नाही. श्राद्धाच्या दिवशी घरात कुणाच्या तोंडात लसूण, हे मलाही फार वाटलं.

तिला मागच्या पडवीत बसवलं आणि म्हणाले, "चुरचुरेल. सोसायचं. आणि मी येईपर्यंत सोडू नकोस हं. एक कण जरी घरात पडला तर माझं काही खरं नाही."

ती म्हणाली, "नाही सोडत."

मी चिंच आणि राख लावून हात घासले, आंघोळ केली, ओल्या केसांनीच सोवळ्याचं लुगडं नेसले आणि स्वयंपाकघरात शिरले. अर्ध्या तासात काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचं, असं मी ठरवलं होतं. माझी ठरवलेली गोष्ट आणि अक्कांचा स्वयंपाक, यात अक्कांचाच स्वयंपाक जिंकायचा. वडे थापायचे होते, खीर ढवळायची होती, आमसुलाची चटणी वाटायची होती. त्यातच एक भटजी लवकर आले. सोवळ्यात असताना पडवीत जाऊन आजारी पोरीला शिवले असते तर पुन्हा आंघोळ, पुन्हा लुगडं, आणि मधल्या वेळात माझ्या हातची सगळी कामं अक्कांच्या अंगावर. मी दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

तिनं मला हाक मारली, ती मी ऐकली. "वैनी." फार मोठ्यानं नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "वैनी, अजून किती?" मी वड्यांच्या पिठात हात घालून उभी होते. ओ द्यायची म्हटलं तर अक्का विचारणार, कशाचं किती? मी गप्प राहिले. मग तिनं हाक मारली नाही.

भटजी जेवून उठले, पिंडदान झालं, तोवर अडीच वाजून गेले होते. मी तशीच पडवीत धावले. ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ दातांत धरलेला, घामानं कपाळावरचे केस चिकटलेले. चिंधी सोडली तर खाली लिंबाच्या चकतीएवढा फोड, पिवळट पाण्यानं भरलेला, आणि भोवतीची कातडी लालभडक. सकाळी आठला बांधलेला लसूण होता तो.

"सोडायचं नाहीस का गं!" मी तिच्यावरच ओरडले. भ्यालं की मला असाच राग येतो.

ती म्हणाली, "तू नको म्हणालीस की. कण पडला असता तर सगळे तुला बोलले असते."

अक्कांना तिनं सांगितलं, पाणी तापवायच्या बंबाला हात लागला. अक्कांनी हात बघितला, तूप लाव म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. दाढ मात्र त्या दिवशी खरंच दुखायची थांबली. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

बंबाची थाप आमच्या दूधवाल्या बाईपुढं टिकली नाही. ती मागच्या दारानं दूध घालायला यायची. नणंदेचा हात बघितल्याबरोबर म्हणाली, "यव्वा! बेळ्ळुळ्ळी सुट्टैती." लसणानं भाजलंय. मी तिला खुणेनं गप्प बसवलं, तर माझ्याकडं वळून म्हणाली, आमच्यात लहान पोराला कळतं, आधी तेल लावायचं, मग फडक्याची घडी, वर लसूण, आणि चुरचुरलं की काढून टाकायचं. तुम्ही खात नाही, मग तुम्हाला त्याची आग कशी कळणार? मी खात होते, आणि तरी मला कळलं नव्हतं. माहेरी लसूण बांधायची ती आई. मी फक्त बघितलं होतं, आणि तेही अर्धवट. तेल आणि घडी माझ्या लक्षातच नव्हती.

फोड फुटला, खपली धरली, खपली पडली. खाली गुलाबी कातडी आली तेव्हा मी देवापुढं दिवा लावला. पण दसरा जवळ आला तसा तो गुलाबी रंग विरत गेला आणि जागा पांढरी पडायला लागली. दुधासारखी पांढरी, कडा अगदी रेखीव. एक दिवस नणंदेनं हात उन्हात धरला आणि म्हणाली, "वैनी, हे कोडासारखं दिसतंय."

मी म्हटलं, "काहीतरीच बडबडू नकोस." पण मलाही तेच दिसत होतं. ज्या मुलीच्या अंगावर पांढरा डाग, तिला कोण करून घेणार? आणि भाजल्याचा डाग आहे म्हणावं, तर कोड असलेल्या प्रत्येक मुलीचे आई-बाप तेच सांगत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठल्याबरोबर तिचा हात बघायचा, दुपारी बघायचा, कंदील लावायच्या आधी एकदा बघायचा. बावचीचं बी उगाळून लावलं, हळद चोळली, तुळशीची माती लावली. कुणी सांगितलं की उन्हात धर, की आम्ही दोघी परसात जाऊन हात उन्हात धरून उभ्या. आज जरा कमी वाटतंय, असं मी म्हणायची. ती हो म्हणायची. दोघींनाही माहीत होतं की कमी नाही. पुढं पुढं माझं कामात लक्ष लागेना. भात करपायचा, कपड्यांच्या घड्या उलट्या व्हायच्या. अक्का बोलायच्या आणि मला ऐकूच यायचं नाही. त्यांनी एकदा लेकीचा हात धरून निरखून बघितला आणि दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावून तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले आणि तिथं मला एक वेडी कल्पना सुचली. माझं आणि नणंदेचं रक्त एक नाही. तिच्यासारखाच डाग माझ्या मनगटावर दाखवता आला, तर तो कोडाचा नाही, लसणाचाच, हे कुणालाही पटेल. दुपारी सगळी दुकानात नि माजघरात असताना मी माडीवर गेले, सहा पाकळ्या ठेचल्या आणि तशाच बांधल्या. तेल नाही, घडी नाही. सहा तास बसायचं म्हणून बसले. पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऊनऊन लागलं. मग चुरचुर सुरू झाली. मग असं वाटायला लागलं की कुणी निखारा ठेवलाय आणि वरून दाबतंय. मी उठले, फेऱ्या मारल्या, हात झटकला, पदराचा बोळा तोंडात धरला. दीड तास झाला नसेल, मी चिंधी ओरबाडून काढली आणि हात पाण्याच्या घागरीत बुडवला.

मी तिथंच बसून रडले. हात भाजला म्हणून नाही. मला दीड तास सोसलं नव्हतं, आणि मी एकटीच होते, मला कुणी सोडू नको म्हटलेलं नव्हतं. तिनं सहा तासांच्या वर काढले होते, सुजलेल्या गालानं, आणि दोन हाकांपलीकडं आवाज न करता.

आई वर आली, तिनं हात बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तेल नाही, कापड नाही, हा काय मुरांबा वाटला का तुला?" म्हणाली. माझा डाग पांढरा झालाच नाही. काळसर पडला आणि ती माणसं येईपर्यंत दिसेनासाही झाला. आपली कातडी कशी वागेल तेही आपल्या हातात नसतं. म्हणजे आता दाखवायला काही नव्हतं, फक्त तोंड होतं.

बघायला तिघं आले. मुलगा, त्याचे काका आणि त्याची आई. ही आई बोलायला गोड आणि नजरेला धारदार. नणंद पाटावर बसली. नाव विचारून झालं, वाचून दाखव म्हणून झालं, पोहे झाले. मुलगा मान खाली घालून बसला होता, पण दोनदा त्यानं वर बघितलं, आणि ते मला दिसलं. मग ती बाई म्हणाली, "हात बघू गं बाळ," आणि तिनं नणंदेचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. बांगड्या एकेक करून वर सरकवल्या.

"हे काय?"

"बंबाला लागलं," नणंद म्हणाली. आवाज इतका बारीक की मलाच लाज वाटली.

"बंबाचा चटका मनगटाच्या आतल्या बाजूला? तोही असा आखून काढल्यासारखा?" बाई माझ्या सासऱ्यांकडं वळली. "मास्तर, राग मानू नका. आमच्या नात्यात एकदा असंच भाजल्याचं सांगून मुलगी दिली होती."

सासऱ्यांना काही माहीतच नव्हतं. काकांनी टोपी हातात घेतली, निघायच्या तयारीनं. नणंदेनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून. तेवढं बघितलं आणि मला राहवलं नाही.

मी दारात उभी होते, ती पुढं आले आणि सगळं सांगून टाकलं. लसूण माझा. ट्रंकेत लपवलेला माझा. ठेचला मी, बांधला मी, सोडू नको म्हणाले मी. आणि दिवस कुठला होता तेही सांगितलं. श्राद्धाचा. अक्कांच्या घरात, अक्कांच्या स्वयंपाकाच्या दिवशी लसूण! आता मला माहेरी पाठवणार, अशी मनाची तयारीच मी केली होती.

बाईनं विचारलं, "श्राद्धाच्या दिवशी?" तिला ते पटत नव्हतं, आणि पटलं तर जास्तच विचित्र वाटणार होतं. ती अक्कांकडं वळली. "तुमच्या घरात? अहो, तुमचं सोवळं आमच्यापर्यंत ऐकू येतं."

अक्का इतका वेळ भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सून खरं सांगतीय. मला त्याच दिवशी वास आला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

"मी वडे तळत होते," अक्का म्हणाल्या. "वास पडवीतून येतोय, तेही कळलं. लसूण घरात आलाय असं तोंडानं म्हटलं असतं तर सगळा स्वयंपाक टाकून द्यावा लागला असता, आणि भटजी येऊन बसले होते. मी तळत राहिले. डाग लसणाचाच आहे. मी त्या दिवशीपासून जाणून आहे."

आयुष्यभराचा लौकिक त्यांनी परक्या माणसांसमोर असा खाली ठेवला. सासरे त्यांच्याकडं बघतच राहिले. त्या बाईनं नणंदेच्या बांगड्या पुन्हा खाली सरकवल्या आणि तो हात सोडला नाही. ज्यात आपलीच अब्रू जाते असं खोटं कुणी सांगत नाही, हे तिला कळलं असावं. लग्न त्याच मुलाशी झालं, माघात, आणि नणंदेचा संसार चांगला झाला. डाग तिच्या हातावर शेवटपर्यंत राहिला.

पण त्या दिवशी बैठकीत कुणी काही बोलायच्या आत नणंदच बोलली. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलींनी आपणहून बोलायची रीत नव्हती. ती आधी अक्कांकडं वळली, मग माझ्याकडं. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं," ती म्हणाली. "मग आतूनच 'सोड' म्हणायचं होतं की. नुसतं तोंडानं म्हटलं असतं तर सोवळं मोडलं नसतं."

अक्का माझ्याकडं बघत होत्या आणि मी अक्कांकडं.